के-थ्री-सीआर-ओ-एट: क्रोमियम अधिक पाच आहे, पण कशावरून?

एक छोटा हिशोब करून बघा, कागद-पेन पुरेल. एका क्षारात तीन पोटॅशियम, एक क्रोमियम आणि आठ ऑक्सिजन आहेत. वर्गात आपण त्याला सरळ ‘के-थ्री-सीआर-ओ-एट’ म्हणतो. यात क्रोमियमची ऑक्सिडेशन स्टेट किती?

अकरावीची रीत लावली तर प्रत्येक ऑक्सिजन उणे दोन, म्हणजे आठांचे उणे सोळा. पोटॅशियमचे अधिक तीन. मग क्रोमियम अधिक तेरा! इथे हात थांबायला हवा. क्रोमियमकडे देण्याजोगे इलेक्ट्रॉन सहाच आहेत, पाच थ्री-डी मधले आणि एक फोर-एस मधला. तेरा कुठून आणणार?

नेट, सेट, गेट किंवा मुंबई विद्यापीठाची पेट यांची तयारी करणारे बहुतेक जण इथे पटकन म्हणतील, “अरे, यात पेरॉक्साइड आहे. चार पेरॉक्साइडचे उणे आठ, म्हणून क्रोमियम अधिक पाच.” उत्तर बरोबर आहे आणि गुणही मिळतील. पण पीएचडीच्या मुलाखतीत पुढचा प्रश्न असतो, “ते पेरॉक्साइडच आहे हे तुम्हाला कसं कळलं?” फॉर्म्युल्यात तसं कुठेच लिहिलेलं नसतं. आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. पदार्थ एकच घेऊ आणि ‘अधिक पाच’ हे उत्तर कोणत्या पुराव्यावर उभं आहे, कोणता पुरावा किती पुरतो, हे एकेक करून तपासू.

आधी ओळखीच्या नातेवाइकापासून

अंधेरी असो, बोरिवली असो, मुलुंड असो की घाटकोपर, बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलेल्या बऱ्याच जणांनी क्रोमियमची एक चाचणी पाहिलेली किंवा निदान जर्नलमध्ये लिहिलेली असते. आम्लयुक्त डायक्रोमेटमध्ये वर अमाइल अल्कोहोलचा किंवा इथरचा थर ठेवायचा, हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकायचे आणि हलवायचं. वरचा थर गडद निळा होतो. खालचं द्रावण मात्र बघता बघता हिरवट पडतं.

तो निळा रंग क्रोमियम पेरॉक्साइडचा, म्हणजे एक क्रोमियम आणि पाच ऑक्सिजन असलेल्या रेणूचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बारेस्विल यांनी १८४७ मध्ये त्याची नोंद केली. इथेही जुन्या रीतीने हिशोब केला तर क्रोमियम अधिक दहा येतो. खरं चित्र असं आहे की पाचपैकी एकच ऑक्सिजन साधा ऑक्साइड आहे आणि उरलेले चार दोन-दोनच्या जोड्यांनी पेरॉक्साइड म्हणून जोडलेले आहेत. उणे दोन आणि उणे चार, म्हणून क्रोमियम अधिक सहा. पाण्यात हा रेणू टिकत नाही. ऑक्सिजन सोडून तो क्रोमियम अधिक तीनवर उतरतो, म्हणून हिरवट रंग. इथर किंवा अल्कोहोलचा रेणू क्रोमियमला चिकटतो तेव्हा तो थोडा वेळ तग धरतो. सेंद्रिय थर ठेवायचा तो यासाठी.

आता तेच दोन घटक, क्रोमेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, पण माध्यम बदला. आम्लात निळा रेणू मिळतो. उदासीन द्रावणाच्या आसपास जांभळी जात मिळते. तिच्यातही क्रोमियम अधिक सहाच असतो आणि तिचे कोरडे क्षार स्फोटक म्हणून बदनाम आहेत. द्रावण अल्कधर्मी आणि बर्फासारखं थंड ठेवलं तर लालसर तपकिरी स्फटिक खाली बसतात. हाच आपला के-थ्री-सीआर-ओ-एट, पूर्ण नाव पोटॅशियम टेट्रापेरॉक्सोक्रोमेट. रीझेनफेल्ड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या लाल क्षारांवर बरंच काम केलं. याचा रेणुभार सुमारे २९७.३ आहे आणि पेरॉक्सोक्रोमेटांच्या कुटुंबात हा त्यातल्या त्यात शांत स्वभावाचा. कोरडा आणि थंड ठेवला तर टिकतो.

यातली एक गोष्ट खरं तर विचित्र आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडला आपण ऑक्सिडीकारक म्हणून ओळखतो. इथे मात्र सुरुवात क्रोमेटपासून, म्हणजे अधिक सहापासून होते आणि शेवट अधिक पाचवर. म्हणजे क्रोमियमचं क्षपण झालं! संतुलित समीकरण शब्दांत असं आहे: दोन क्रोमेट आयन, नऊ हायड्रोजन पेरॉक्साइड आणि दोन हायड्रॉक्साइड मिळून दोन टेट्रापेरॉक्सोक्रोमेट आयन, एक ऑक्सिजन रेणू आणि दहा पाणी. नऊपैकी आठ पेरॉक्साइड क्रोमियमला जाऊन जोडले जातात. नववा इलेक्ट्रॉन देतो आणि स्वतः ऑक्सिजन होऊन बाहेर पडतो. ऑक्सिजन, हायड्रोजन आणि प्रभार तिन्ही जुळतात का, हे स्वतः एकदा मोजून बघा.

फॉर्म्युला किती उत्तरं लपवून ठेवतो

स्फटिकात आठ ऑक्सिजन दोन-दोनच्या चार जोड्यांत आहेत, एवढं मान्य करू. पण ऑक्सिजनच्या जोडीचे अवतार वेगवेगळे असतात. पेरॉक्साइड असेल तर जोडीवर उणे दोन. सुपरऑक्साइड असेल तर उणे एक. चारही जोड्यांनी मिळून आयनाचा एकूण प्रभार उणे तीन यायला हवा. आता शक्यता मांडू.

चारही पेरॉक्साइड: क्रोमियम अधिक पाच.
तीन पेरॉक्साइड, एक सुपरऑक्साइड: क्रोमियम अधिक चार.
दोन आणि दोन: क्रोमियम अधिक तीन.
एक पेरॉक्साइड, तीन सुपरऑक्साइड: क्रोमियम अधिक दोन.
चारही सुपरऑक्साइड: क्रोमियम अधिक एक.

एकाच फॉर्म्युल्यात पाच उत्तरं बसली. अधिक तीन तर क्रोमियमची सगळ्यात आवडती अवस्था. मग तिला बाजूला सारून आपण अधिक पाच का म्हणतो? आता पुरावे बघू.

पुरावा पहिला: ऑक्सिजन मोजणं

जुन्या काळात हाच मार्ग होता. क्षार आम्लात टाका, तो फुटतो, क्रोमियम अधिक तीन होतो आणि ऑक्सिजन वायू निघतो. वायूचं घनफळ मोजा. दोन मोल क्षारातून पाच मोल ऑक्सिजन निघायला हवा.

पुरावा चांगला वाटतो, पण आपल्या प्रश्नावर तो गप्प बसतो. पाचपैकी कोणतंही उत्तर खरं असलं तरी ऑक्सिजन तेवढाच निघेल, कारण सुरुवातीचा फॉर्म्युला तोच आणि शेवटचे पदार्थही तेच. मधला इलेक्ट्रॉनांचा एकूण हिशोब बदलत नाही. घरातल्या पाच जणांकडे मिळून किती पैसे आहेत हे कळलं, पण कुणाच्या खिशात किती ते कळलं नाही, तसं हे. फॉर्म्युला बरोबर आहे याची खात्री या प्रयोगाने होते. वाटणी कळत नाही.

संशोधनात ही सवय फार उपयोगी पडते. प्रयोग करण्याआधी स्वतःला विचारायचं: माझं गृहीतक चुकीचं असतं तर आकडा वेगळा आला असता का? नसता, तर तो प्रयोग त्या गृहीतकाची परीक्षा घेतच नाही.

पुरावा दुसरा: चुंबकत्व

एमएस्सीला गुई बॅलन्स हाताळलेला असेल, तर हा भाग ओळखीचा आहे. नमुना चुंबकीय क्षेत्रात ठेवायचा, वजनातला फरक बघायचा आणि त्यावरून मॅग्नेटिक मोमेंट काढायचा. आपल्याकडे मॅग्नेटोकेमिस्ट्रीचा पाया लाहोरला शांतिस्वरूप भटनागर आणि माथुर यांनी घातला. या विषयावरचं त्यांचं पुस्तक १९३५ साली आलं. तंत्र जुनं आहे, पण कामाचं आहे.

सूत्र आठवा. अनपेअर्ड इलेक्ट्रॉनांची संख्या गुणिले तीच संख्या अधिक दोन, याचं वर्गमूळ. एक इलेक्ट्रॉन असेल तर १.७३ बोर मॅग्नेटॉन, दोन असतील तर २.८३, तीन असतील तर ३.८७. आपल्या क्षाराचा मोजलेला मोमेंट सुमारे १.८ येतो. म्हणजे एकच अनपेअर्ड इलेक्ट्रॉन. क्रोमियम अधिक पाचमध्ये डी कक्षेत नेमका एकच इलेक्ट्रॉन उरतो. जुळलं!

बऱ्याच गाइडमध्ये गोष्ट इथे संपते. आपण मात्र बाकीच्या चार उत्तरांनाही बोलू देऊ. सुपरऑक्साइडवर स्वतःचा एक अनपेअर्ड इलेक्ट्रॉन असतो. तो क्रोमियमच्या इलेक्ट्रॉनांच्या विरुद्ध दिशेने जोडला गेला तर ते एकमेकांना रद्द करतात.

अधिक चार: क्रोमियमवर दोन, एका सुपरऑक्साइडवर एक. दोन वजा एक, उरला एक.
अधिक तीन: तीन वजा दोन, उरला एक.
अधिक दोन: चार वजा तीन, उरला एक.
अधिक एक: पाच वजा चार, उरला एक.

गंमत बघा. जोडणी पुरेशी घट्ट असेल तर पाचही उत्तरांना मोमेंट तोच! १.८ हा आकडा अधिक पाचशी सुसंगत आहे, पण तो एकटा अधिक पाच सिद्ध करत नाही. ‘सुसंगत’ आणि ‘सिद्ध’ या दोन शब्दांतला फरक हाताशी असेल, तर मुलाखतीत समोरच्याला लगेच कळतं की या मुलीने किंवा मुलाने विचार केला आहे.

ही शंका उगाच काढलेली नाही. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन जोडल्यावर चुंबकत्व नाहीसं होतं, हे पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवलं. पण तिथे लोह अधिक दोन आणि साधा ऑक्सिजन आहे, की लोह अधिक तीन आणि त्याला विरुद्ध दिशेने जोडलेला सुपरऑक्साइड आहे, हा वाद पुढे कित्येक दशकं चालला. दोन्ही चित्रांत उत्तर शून्यच येत होतं.

पुरावा तिसरा: ईएसआर, म्हणजे इलेक्ट्रॉनचा पत्ता

मॅग्नेटिक मोमेंट सांगतो की इलेक्ट्रॉन किती. तो इलेक्ट्रॉन राहतो कुठे, हे ईएसआर बऱ्याच अंशी सांगतं. उपनगरातल्या विद्यार्थ्यांसाठी हे तंत्र दूर नाही. पवईला आयआयटी मुंबईच्या सैफ या सुविधेत ईएसआर यंत्र आहे आणि बाहेरच्या महाविद्यालयांचे नमुनेही तिथे शुल्क भरून मोजून मिळतात.

मोकळ्या इलेक्ट्रॉनची जी-व्हॅल्यू २.००२३ असते. इलेक्ट्रॉन डी कक्षेत असेल आणि ती कक्षा अर्ध्याहून कमी भरलेली असेल, तर स्पिन-ऑर्बिट जोडणीमुळे जी-व्हॅल्यू साधारणपणे खाली घसरते. इलेक्ट्रॉन सुपरऑक्साइडवर असेल तर ती उलट दोनच्या वर जाते. आपल्या क्षारात अक्षाला समांतर दिशेने ती सुमारे १.९४ आणि लंब दिशेने सुमारे १.९८ येते. दोन्ही दोनच्या खाली.

हा फरक यंत्रावर किती दिसतो? एक्स-बँडला वारंवारता ९.५ गिगाहर्ट्झ धरली तर जी-व्हॅल्यू दोनची रेषा साधारण ३३९ मिलिटेस्लाला येते आणि १.९७ ची साधारण ३४४.५ ला. सुमारे पाच मिलिटेस्लांचा फरक सहज मोजता येतो.

दुसरी खूण आणखी बोलकी आहे. निसर्गातल्या क्रोमियमपैकी सुमारे ९.५ टक्के क्रोमियम-५३ असतं आणि त्याचा न्यूक्लियर स्पिन तीन द्वितीयांश. बाकीच्या समस्थानिकांचा स्पिन शून्य. म्हणून इलेक्ट्रॉन खरोखर क्रोमियमवर असेल, तर मधे एक मोठी रेषा आणि तिच्या आजूबाजूला चार बारीक रेषा दिसायला हव्यात. त्या दिसतात.

पण शुद्ध स्फटिक तसाच यंत्रात घातला तर या बारीक रेषा दिसणार नाहीत. शेजारच्या क्रोमियमांचे इलेक्ट्रॉन एकमेकांवर इतका परिणाम करतात की सगळं एका रुंद रेषेत मिसळून जातं. उपाय म्हणजे पाहुणा आणि यजमान. क्रोमियमच्या जागी नायोबियम असलेला तसाच क्षार बनतो, त्याची स्फटिकरचना तीच, आणि नायोबियम अधिक पाचमध्ये डी इलेक्ट्रॉन शून्य. या अचुंबकीय यजमानात क्रोमियम अगदी थोडं मिसळलं की प्रत्येक क्रोमियम एकटा पडतो आणि त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. हीच युक्ती वापरून २००७ मध्ये नरेश दलाल यांच्या फ्लोरिडातल्या गटाने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नायोबियमच्या क्षारात विरळ केलेल्या क्रोमियम अधिक पाचचा स्पिन खोलीच्या तापमानापर्यंत ठरवल्याप्रमाणे वळवता येतो. क्वांटम बिटच्या शोधात असलेल्यांना यात रस का वाटला, हे लक्षात येईल. शंभर वर्षांपूर्वीचा ‘लाल क्षार’ असा पुन्हा बातमीत आला.

तर ईएसआरने सांगितलं की उरलेला इलेक्ट्रॉन क्रोमियमवर आहे. अधिक पाचची बाजू बरीच भक्कम झाली. तरीही अधिक चार आणि एक सुपरऑक्साइड अशा जोडलेल्या चित्रातही इलेक्ट्रॉनचा मोठा वाटा क्रोमियमवरच दिसला असता. शंकेखोर परीक्षक अजून खुर्चीतून उठलेला नाही.

पुरावा चौथा: स्फटिकाची रचना

इथे निकाल लागतो, तोही दोन पायऱ्यांत.

पहिली पायरी सममितीची. क्रोमियमभोवती आठ ऑक्सिजन डोडेकाहेड्रॉनसारख्या मांडणीत आहेत आणि चारही जोड्या सममितीने एकसारख्या आहेत. एकीला बोट लावून ‘ही वेगळी’ असं म्हणता येत नाही. त्यामुळे ‘तीन पेरॉक्साइड आणि एक सुपरऑक्साइड’ किंवा ‘दोन-दोन’ ही मिश्र उत्तरं बाद होतात. उरली फक्त दोन टोकं: सगळे पेरॉक्साइड आणि क्रोमियम अधिक पाच, किंवा सगळे सुपरऑक्साइड आणि क्रोमियम अधिक एक. ‘सुपरऑक्साइडपण’ चौघांत सारखं वाटलं गेलं असेल ही पळवाट मात्र उरते. ती दुसरी पायरी बंद करते.

दुसरी पायरी लांबीची. ऑक्सिजन रेणूत दोन अणूंमधलं अंतर १.२१ आंगस्ट्रॉम असतं. सुपरऑक्साइडमध्ये ते साधारण १.२८ ते १.३३. पेरॉक्साइडमध्ये साधारण १.४५ ते १.५०. इलेक्ट्रॉन वाढतात तसे ते अँटिबाँडिंग ऑर्बिटलमध्ये जातात, बंध सैल होतो आणि लांबतो. म्हणजे फुटपट्टी लावली की उत्तर मिळायला हवं.

१९६२ मध्ये स्वालेन आणि आयबर्स यांनी फुटपट्टी लावली. अंतर आलं सुमारे १.४१. आता काय म्हणणार? पेरॉक्साइडसाठी आखूड, सुपरऑक्साइडसाठी लांब. वर म्हटलेली पळवाट नेमकी अशाच आकड्याला धरून बसते. पण त्या आकड्यासोबत दिलेली त्रुटीची मर्यादाही मोठी होती, पेरॉक्साइडच्या पल्ल्याजवळ जाण्याइतकी. नुसता आकडा उचलला तर गोंधळ होतो. आकडा आणि मर्यादा एकत्र वाचली तर अर्थ एवढाच निघतो: ‘अजून नीट मोजा.’

ते नीट मोजणं २००० साली झालं. पॅलेनिक आणि सहकाऱ्यांनी याच क्षाराची रचना नव्याने काढली आणि ऑक्सिजन-ऑक्सिजन अंतर आलं सुमारे १.४७. स्वच्छ पेरॉक्साइड. त्याच कामात त्यांनी क्रोमियम-ऑक्सिजन बंधांच्या लांबीवरून ऑक्सिडेशन स्टेट काढण्याची बाँड व्हॅलन्स समची पद्धतही तपासली.

इन्फ्रारेडची साक्षही याच बाजूने आहे. सुपरऑक्साइडचं ऑक्सिजन-ऑक्सिजन कंपन साधारण ११०० च्या आसपास दिसतं, पेरॉक्साइडचं साधारण ८०० ते ९०० दर सेंटीमीटरच्या पट्ट्यात. आपल्या क्षाराचा पट्टा दुसऱ्या गटात पडतो. त्यात नायोबियमच्या जुळ्या क्षाराची साक्ष जोडा. नायोबियम अधिक पाचच्या वर जाऊ शकत नाही आणि त्याचा क्षार अचुंबकीय आहे, म्हणजे तिथे चार पेरॉक्साइड असणं हेच सरळ चित्र. त्याच साच्यात क्रोमियम अलगद बसतो.

आता ‘अधिक पाच’ म्हणायला हरकत नाही. मॅग्नेटिक मोमेंट, ईएसआर, सममिती, बंधलांबी आणि कंपन यांपैकी कुणीही एकट्याने खटला जिंकला नाही. प्रत्येकाने एकेक पळवाट बंद केली.

हे फक्त स्फटिकापुरतं आहे का?

साकीनाका-कुर्ल्याच्या बाजूला गाळ्यांमधून क्रोम प्लेटिंगची कामं होतात. पारंपरिक चकचकीत प्लेटिंगच्या टाकीत क्रोमियम अधिक सहा असतो आणि तो माणसात कर्करोग घडवतो हे पक्कं ठरलेलं आहे. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे.

पण अधिक सहा शरीरात नक्की करतो काय? क्रोमेट आयन आकाराने आणि प्रभाराने सल्फेटसारखा, म्हणून सल्फेटच्या दारानेच पेशीत शिरतो. आत एस्कॉर्बेट आणि ग्लुटाथायोनसारखे रेणू त्याला इलेक्ट्रॉन देतात आणि तो पाच, चार करत तीनवर उतरतो. नुकसान या उतरणीत होतं. मधल्या अधिक पाचचा माग काढायला पुन्हा ईएसआरच लागतं. १९८६ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी क्रोमेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आल्यावर डीएनए कसा तुटतो याचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आपला टेट्रापेरॉक्सोक्रोमेट आयन आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल यांच्या खुणा मिळाल्या.

इथेही ‘कशावरून’ विचारायचंच. परीक्षानळीत हायड्रोजन पेरॉक्साइड भरपूर असतं, पेशीत अगदी थोडं. नळीत आयन दिसला म्हणून पेशीतही तोच बनतो असं म्हणता येत नाही. पेशीत क्रोमियम अधिक पाचला पेरॉक्साइडऐवजी दुसरे जोडीदारही मिळू शकतात. नळीतला प्रयोग शक्यता दाखवतो. ती शक्यता पेशीत खरी आहे का, हा वेगळा प्रयोग.

प्रयोगशाळेत जाण्याआधी

हा क्षार वाचायला जितका छान, हाताळायला तितका नाही. मार्गदर्शकांच्या परवानगीशिवाय आणि कुणी सोबत असल्याशिवाय करायचा नाही. कृती मुद्दाम देत नाहीये. कारणं मात्र माहीत असू द्या.

क्रोमेट आणि पेरॉक्साइडची क्रिया उष्णता सोडते आणि ऑक्सिजनही. म्हणून थंडी आणि सावकाशी. घाईत सगळं फसफसून बाहेर येतं आणि ते बाहेर आलेलं द्रावण अधिक सहाने भरलेलं असतं. कोरडा क्षार तापवायचा नाही, खलात घासायचा नाही, सेंद्रिय पदार्थांजवळ आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाजवळ न्यायचा नाही. निळ्या चाचणीतला इथरचा थर उडवून ‘शुद्ध क्रोमियम पेरॉक्साइड’ मिळवायला जाऊ नका, ते स्फोटक आहे. उरलेलं द्रावण घट्ट बुचाच्या बाटलीत भरू नका, आत ऑक्सिजन साठत राहतो. आणि असा नमुना बॅगेत टाकून लोकलने पवईकडे निघायचं नसतं. धोकादायक माल गाडीतून नेण्यावर रेल्वे कायद्यानेच बंदी आहे. आधी सुविधेशी बोला, नमुना ऑक्सिडीकारक आहे हे अर्जात स्पष्ट लिहा आणि ते सांगतील त्या पद्धतीनेच पोहोचवा.

हातमोजे घातले म्हणजे झालं, असंही नाही. पेशीत शिरून क्षपण होण्याचं वर सांगितलेलं चित्र ज्यांच्या नावाशी जोडलेलं आहे त्या कॅरन वेटरहान क्रोमियमच्या विषारीपणाच्या नावाजलेल्या अभ्यासक होत्या. १९९६ मध्ये दुसऱ्याच एका प्रयोगात डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर पडले. ते त्यातून आरपार गेले आणि १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. तो हातमोजा त्या पदार्थाला अडवत नाही हे तोपर्यंत माहीत नव्हतं. ‘हा हातमोजा या पदार्थाला अडवतो, कशावरून?’ हा प्रश्नही आपल्याच यादीतला.

तुमच्यासाठी एक उदाहरण

पेरॉक्सोक्रोमेटांच्या कुटुंबातला आणखी एक सदस्य घ्या. एक क्रोमियम, तीन अमोनिया आणि ऑक्सिजनच्या दोन जोड्या, एकूण प्रभार शून्य. मॅग्नेटिक मोमेंट सुमारे २.८, म्हणजे दोन अनपेअर्ड इलेक्ट्रॉन. पुस्तकात उत्तर आहे क्रोमियम अधिक चार.

आता एवढं करा. दोन्ही जोड्या पेरॉक्साइड, एक पेरॉक्साइड आणि एक सुपरऑक्साइड, दोन्ही सुपरऑक्साइड, अशा तिन्ही शक्यता मांडा. प्रत्येकीत क्रोमियमवर किती इलेक्ट्रॉन, सुपरऑक्साइडवर किती, आणि ते विरुद्ध दिशेने जोडले गेले तर किती उरतात, हे लिहा. तिन्हींत दोनच उरतात असं दिसेल. मग पुढच्या ओळीत लिहा: यातल्या दोन शक्यता बाद करायला मी कोणता प्रयोग करेन, आणि माझा अंदाज चुकीचा असेल तर त्या प्रयोगात मला काय वेगळं दिसेल?

ही शेवटची ओळ नीट लिहिता आली, तर संशोधन प्रस्तावाचा सगळ्यात अवघड परिच्छेद लिहिण्याचा सराव तुम्ही सुरू केलेला आहे. मुलाखतीत क्रोमियम विचारतील की कोबाल्ट, हे आपल्या हातात नाही. ‘किती?’ला उत्तर दिल्यावर कुणी न विचारताही ‘कशावरून?’चं उत्तर तयार ठेवणं मात्र नक्कीच आहे.